नेट कुणाच्या उंचीचं? अमेरिकेतल्या हौशी मिश्र व्हॉलीबॉलच्या नियमांचा आढावा

लहानपणीच्या खेळांत एक 'कच्चं लिंबू' असायचं. धाकट्या भावंडाला घरी ठेवलं तर आई रागावणार, बरोबर नेलं तर डाव बिघडणार. मग त्याला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. मोठ्यांची सोय व्हायची. चार दिवसांत त्या लिंबालाही कळायचं, की आपण जीव तोडून पळतोय खरे, पण पकडायला कुणी येतच नाही. अमेरिकेतल्या हौशी मिश्र व्हॉलीबॉलच्या नियमांवर वर्षानुवर्षं जो वाद चालू आहे, त्याच्या तळाशी मला हेच लिंबू दिसतं. सामावून घेण्यासाठी केलेला नियम माणसाला खेळात आणतो, की खेळाच्या कडेला नेऊन बसवतो?

मिश्र म्हणजे एकाच संघात बायका आणि पुरुष. तिकडचा शब्द 'को-एड'. मुळात तो सहशिक्षणाचा, पण आता जिमच्या फळ्यावरच जास्त दिसतो. शहराचं उद्यान खातं, वायएमसीए, विद्यापीठं, चर्चचे हॉल, खासगी क्लब अशा सगळ्यांच्या लीग असतात. आठ-दहा आठवड्यांचा हंगाम, आठवड्यातली एक संध्याकाळ, एका सामन्याला साधारण तासभर. नोकरीनिमित्त तिकडं गेलेल्या अनेकांची स्थानिक माणसांशी ऑफिसबाहेरची पहिली ओळख अशाच जिममध्ये होते, माझीही झाली. मी वाढलो गावच्या मैदानावर. तिथं चेंडू उचलून देणारा बूस्टर पुरुष, तो हाणणारा शूटर पुरुष आणि कडेला बसून दोघांनाही शिव्या घालणारेही पुरुषच. पहिल्याच संध्याकाळी हातात नियमांचा दोन पानी कागद पडला आणि त्यातला अर्धा भाग 'कुणी कुठं उभं राहायचं, चेंडूला कुणी हात लावायचा' याबद्दलच होता, तेव्हा कळलं की हे प्रकरण आपल्याला वाटतं तेवढं सरळ नाही.

मॉर्गनची साडेसहा फुटी जाळी

१८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ बेतला, तो मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठी. चारच वर्षांपूर्वी जवळच्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला होता, पण त्यातली धक्काबुक्की या गृहस्थांना झेपत नव्हती. मॉर्गन यांनी साडेसहा फुटांवर जाळी बांधली, किती जणांनी खेळायचं यावर बंधन ठेवलं नाही आणि खेळाचं नाव ठेवलं मिंटोनेट. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डच्या प्रात्यक्षिकात आल्फ्रेड हॉल्स्टेड यांच्या सूचनेवरून त्याचं व्हॉलीबॉल झालं. थोडक्यात, हा खेळ जन्मानं हौशी आहे. जिंकण्याची ईर्षा त्याला नंतर चिकटली.

ती चिकटली स्मॅशबरोबर. १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्यानं तो वरून हाणायचा, हे तंत्र रूढ झालं. १९२० मध्ये एका बाजूला तीनच स्पर्श, ही मर्यादा आली. वायएमसीएच्या वाटेनंच खेळ जगभर गेला. भारतात मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये काढलेलं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय हा त्याच वाटेवरचा मोठा टप्पा. १९४७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९४९ ला, महिलांची १९५२ ला, आणि १९६४ ला टोकियोत दोघांनाही ऑलिंपिकचं दार उघडलं.

या सगळ्या प्रवासात नियमांचं पुस्तक पुरुषांचं आणि महिलांचं असंच तयार होत गेलं. मैदान एकच, १८ बाय ९ मीटर. चेंडू एकच, २६० ते २८० ग्रॅमचा. उंची मात्र दोन. मिश्र संघाचा विचार महासंघाच्या मुख्य नियमांत नाही. म्हणून तो देशोदेशीच्या संघटनांनी, आणि त्याहून जास्त गावोगावच्या लीग चालवणाऱ्यांनी, आपापल्या परीनं केला. आज दिसणारा गोंधळ त्यातून आलेला आहे. अर्थात आज दिसणारी कल्पकताही त्यातूनच आली.

एकोणीस सेंटीमीटर

पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४. फरक १९ सेंटीमीटरचा, म्हणजे वीतभर. पण या वितीत सगळा खेळ आहे.

हिशेब करून पाहू. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईनं टाचा जमिनीवर ठेवून हात वर केला, तर बोटं साधारण २.१० मीटरपर्यंत जातात. पुरुषांच्या नेटच्या वरच्या कडेला नुसती बोटं लावायलाच तिला तेहतीस सेंटीमीटर उडी हवी. चेंडू वरून मारायचा तर त्याहून बरीच जास्त. पाच फूट नऊ इंचाच्या पुरुषाला त्याच कडेसाठी पंधराएक सेंटीमीटर पुरतात. महिलांच्या नेटवर तिला जेवढी उडी लागते, जवळपास तेवढीच. दोन वेगळ्या उंच्या ठेवण्यामागचं शहाणपण एवढंच आहे. आणि मिश्र संघात नेमकं हेच शहाणपण वापरता येत नाही, कारण नेट एकच बांधायचं असतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुस्तकात मिश्र खेळासाठी अनेक वर्षं पुरुषांची उंची धरलेली आहे. ऐकल्याबरोबर ती पक्षपाती वाटते. बायकांना समोरून मारता येऊ नये, अशीच जणू सोय. या आक्षेपात तथ्य आहे; २.४३ वर आघाडीला उभ्या असलेल्या बहुतेक हौशी महिला स्मॅशऐवजी टिप किंवा लांब टोलवणीवर भागवतात. पण दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. नेट खाली आणलं की पुरुषाचा फटका सपाट न जाता जवळजवळ सरळ खाली येतो आणि समोर बचावाला उभ्या असलेल्या माणसाला हात जोडायलाही वेळ मिळत नाही. उंच नेट मारणाऱ्या बाईला अडवतं, तसंच बचाव करणाऱ्या बाईला वाचवतंही. दोन्ही पक्ष उंचीबद्दल बोलतात खरे, पण एकाच्या डोळ्यांसमोर मारणारी असते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर झेलणारी. म्हणून लीगच्या बैठकीत दोघांची गाठच पडत नाही.

एक स्पर्श बाईचा

अमेरिकी मिश्र खेळाचा कणा म्हणावा असे तीन नियम आहेत. पहिला: सर्व्हिसच्या क्रमात आणि मैदानावरच्या जागांत बाई-पुरुष-बाई-पुरुष अशी आलटून-पालटून रचना. दुसरा: एका बाजूनं चेंडू एकाहून जास्त वेळा खेळला, तर त्यातला किमान एक स्पर्श बाईचा असलाच पाहिजे, ब्लॉकचा, म्हणजे नेटवर हात धरून चेंडू अडवतानाचा, स्पर्श यात मोजायचा नाही. पुरुषाच्या स्पर्शाची मात्र सक्ती नाही. तिसरा: आघाडीच्या फळीत एकच पुरुष असेल, तर मागच्या फळीतल्या एका पुरुषाला ब्लॉकसाठी पुढं येता येतं.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण नवख्यांना तोच कोड्यासारखा वाटतो. आलटून-पालटून सहा जण उभे केले, की सर्व्हिस मिळाल्यावर सगळे एक-एक जागा सरकतात (रोटेशन), तेव्हा पुढच्या तिघांत एका रोटेशनला दोन पुरुष नि एक बाई येते, पुढच्या रोटेशनला दोन बायका नि एक पुरुष. हे चक्र चालूच राहतं. दुसऱ्या स्थितीत पुरुषांच्या उंचीच्या नेटवर ब्लॉक लंगडा पडतो आणि समोरच्या संघाला मोकळं रान मिळतं. ती उणीव भरून काढायला मागचा पुरुष पुढं. त्याला तिथून नेटच्या वरचा चेंडू मारता येत नाही; फक्त अडवता येतो. तर्क स्वच्छ आहे. पण परिणाम असा, की ज्या रोटेशनला पुढं बायकांचं बहुमत असतं, नेमकं तेव्हाच नेटपाशी एक पुरुष वाढतो. टीकाकारांचं म्हणणं असं, की आधी नेट उंच ठेवून अडचण तयार करायची आणि मग तिच्यावर इलाज म्हणून माणूस पाठवायचा. नियमाचे समर्थक त्यावर उत्तर देतात, की नेट उंच का आहे ते वर सांगितलंच आहे.

खरा वाद दुसऱ्या नियमावर आहे. त्याचा हेतू कुणीच नाकारत नाही. हा नियम नसेल तर काय होतं, ते ज्यांनी नियमाविना मिश्र खेळ पाहिला आहे त्यांना माहीत आहे. तीन पुरुष आपापसांत खेळतात, बाईच्या दिशेनं आलेला चेंडूही 'माझा, माझा' म्हणत तिच्यापुढून उचलून नेतात आणि ती हात जोडून उभी राहते. फी सारखीच भरलेली असते, हे वेगळं सांगायला नको. नियमानं हे थांबवलं. बाईला चेंडू मिळालाच पाहिजे, ही हमी मिळाली.

पण हमी मिळाली की माणसं तिच्याभोवती सोयीची रचना करतात. इथंही झाली. नियम पाळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बूस्टर बाईला करायचं. पहिला स्पर्श कुणाचाही असो, दुसरा हमखास तिचा. तिसऱ्याला पुरुष हाणायला मोकळा. हजारो संघांत ही वाटणी इतकी रुळली, की अनेक बायका वर्षानुवर्षं फक्त चेंडू उचलून देत राहिल्या. कुणाला ते आवडतंही. बूस्टर म्हणजे संघाचा मेंदू, आणि चांगली बूस्टर असेल तर बाकीच्यांनी गप्प राहावं. पण आवडणं वेगळं आणि वाट्याला येणं वेगळं.

दुसरा परिणाम डावपेचाचा. पहिले दोन स्पर्श पुरुषांचे झाले, की तिसरा बाईचाच असणार हे जाळीपलीकडच्या सहाही जणांना कळतं. ब्लॉक खाली उतरतो, सगळे मागं सरकतात. नियमामुळं चेंडू तिच्याकडं येतो खरा, पण समोरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं की तिच्याकडून फारसा धोका नाही. हेच ते कच्चं लिंबू. शिवाय पंचगिरीची डोकेदुखी आहेच: तिच्या मनगटाला चेंडू निसटता लागला की नाही, यावरून जेवढे आवाज चढतात, तेवढे रेषेच्या निर्णयावरूनही चढत नाहीत. ब्लॉकचा स्पर्श मोजायचा नाही, हे पुस्तकात स्पष्ट असूनही दर हंगामात एकदा तरी ते कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.

यावर लीगनी तीन दिशांनी प्रयत्न केले. काहींनी नियम आणखी कडक केला, म्हणजे स्पर्शही आलटून-पालटूनच. खेळ त्यानं इतका अडखळतो, की ही रीत फार पसरली नाही. बऱ्याच जणांनी नियम जसाच्या तसा ठेवला. आणि काहींनी वरच्या पातळीच्या गटांत तो काढूनच टाकला; तिथं मैदानावर तीनपेक्षा जास्त पुरुष नसावेत, एवढीच अट. वरच्या गटातल्या बायकांना चेंडू मिळण्यासाठी नियम लागत नाही, असा त्यामागचा विचार.

उलटा डाव

पुस्तकात आणखी एक प्रकार आहे, 'रिव्हर्स को-एड'. बोलताना त्याचं 'रेव्हको' होतं. इथं नेट महिलांच्या उंचीचं, २.२४. स्पर्शाची अट उलटी: एकाहून जास्त वेळा खेळला तर एक स्पर्श पुरुषाचा हवा. पुरुषांना ब्लॉक करायला मनाई. तीन मीटरच्या हल्ल्याच्या रेषेपुढून नेटवरचा चेंडू मारायलाही मनाई. मारायचं तर मागून उडी घेऊन. नेटपाशी राज्य बायकांचं.

मी रेव्हकोचे सामने खेळलो आहे आणि माझं मत सांगून टाकतो: नियम वाचायला अवघड, पण खेळायला हा प्रकार मिश्र खेळाच्या कल्पनेच्या जास्त जवळ जातो. बायका मारतात, अडवतात, चुकतात, पुन्हा मारतात. पुरुषांना झेलणं आणि उचलून देणं शिकावं लागतं, आणि ते शिकताना बऱ्याच जणांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. हे माझं झालं. उलट बाजू अशी, की इथं पुरुषांचे हात बांधले जातात. त्यातही बुटक्या, नवख्या पुरुषावर तीच बंधनं जी सहा फूट चार इंचाच्या कॉलेजपटूवर. शिवाय रेषेमागून मारलेला फटकासुद्धा या नेटवर जोरात येतोच. बहुतेक शहरांत रेव्हकोचे गट कमी, नेहमीचे मिश्र गट जास्त. ज्या संघांना दोन्ही चाखायचं असतं ते एकाच हंगामात दोन संध्याकाळी दोन्ही खेळतात.

मुळातलं गृहीतक

वरचे सगळे नियम एक गोष्ट धरून चालतात: बाई ही संघातली कच्ची बाजू. अमेरिकेत, निदान या खेळात, हे गृहीतक बरंच जुनं झालं आहे.

१९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला त्यानं मनाई केली आणि मुलींच्या शालेय खेळांना पैसा, प्रशिक्षक, मैदानं मिळू लागली. व्हॉलीबॉल हा मुलींचा मोठा शालेय खेळ झाला. आज माध्यमिक शाळांत तो खेळणाऱ्या मुलींची संख्या साडेचार लाखांच्या वर आहे. मुलगे त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. अनेक शाळांत मुलांचा संघच नसतो.

याचा अर्थ संध्याकाळच्या जिममध्ये दिसतो. त्या बाईनं चार वर्षं रोज दोन तास प्रशिक्षकाच्या शिट्टीवर पास दिलेले असतात. तिच्या शेजारचा पुरुष व्हॉलीबॉल शिकलेला असतो तो कुणाच्या तरी परसात, हॅम्बर्गर भाजता भाजता. तो उंच असतो, जोरात मारतो आणि निम्म्या वेळा चेंडू भिंतीवर जातो. अंगानं तो वरचढ, हातानं ती. आपल्याकडचं चित्र याच्या उलट. गावच्या मैदानावर तयार झालेला पुरुष अमेरिकेतल्या मिश्र लीगमध्ये येतो, तेव्हा त्याला धक्का बसतो तो नेमका इथं.

इथंच वादातली गाठ कुठं बसली आहे ते दिसतं. नियमांपुढं दोन वेगळ्या विषमता आहेत. एक शरीराची: उंची, उडी, फटक्याचा जोर. दुसरी वागण्याची: चेंडू कुणाला देतात, कुणाच्या पुढून पळवतात. नेटची उंची आणि हल्ल्याची रेषा पहिल्या विषमतेवरचे उपाय; स्पर्शाचा नियम दुसरीवरचा. तिसरी गोष्ट कौशल्याची, आणि तिचा लिंगाशी संबंध अमेरिकी व्हॉलीबॉलमध्ये उलटाच लागतो. बैठकीत कुणी 'स्पर्शाचा नियम बायकांचा अपमान करतो' म्हणतं, तेव्हा डोक्यात कौशल्य असतं. कुणी 'नियम काढला तर बायका येणार नाहीत' म्हणतं, तेव्हा डोक्यात वागणं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पातळ्यांचा मार्ग

म्हणून बऱ्याच लीग कौशल्यानुसार गट पाडण्याकडं वळल्या. नवशिके, मधले, तयार, अगदी वरचे. नावं जागोजागी वेगळी. नियमही गटागणिक सैल-घट्ट: खालच्या गटात स्पर्शाची अट, जंप सर्व्हिसला बंदी, एकाच खेळाडूनं सलग किती सर्व्हिस कराव्यात याला मर्यादा, वरच्या गटात जवळजवळ पुस्तकी खेळ.

याची दुखरी जागा एकच, आणि ती सगळ्यांना माहीत आहे: वरच्या गटातले लोक जिंकण्यासाठी खालच्या गटात नाव नोंदवतात. यावर उपाय म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे चाचणीचे ठेवतात, संघ वर-खाली ढकलतात, विजेत्या संघाला पुढच्या हंगामात सक्तीनं वर पाठवतात. पूर्ण उपाय यातला एकही नाही, कारण एकाच संघात एक दणकट आणि पाच नवखे असले, तर तो संघ कुठल्या पातळीचा?

बारीक नियम, मोठे आवाज

लिंगाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हौशी लीगला पुस्तकाशी झगडावंच लागतं.

'डबल टच'चं उदाहरण घ्या. बोटांनी उचलून देताना दोन हातांचा स्पर्श पुढं-मागं झाला तर तो दोष. पहिल्या स्पर्शाला सूट आहे, दुसऱ्याला नाही. हौशी खेळात हा दोष काटेकोर धरला तर दर दुसरी रॅली थांबते. न धरला तर शाळेत शिकून आलेल्यांचा जीव तळमळतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलनं चेंडू आपल्याच सहकाऱ्याकडं जाणार असेल, तर दुसऱ्या स्पर्शातला डबल माफ केला. हौशी लीगमधल्या सैल पक्षाला एकदम वजनदार आधार मिळाला. विरोधकांचं म्हणणं, की स्वच्छ बोटांची कला यानं जाईल. दोन्हीकडं बोलणारे बहुतेक बूस्टरच असतात, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येतंच.

जिमचं छत हा दुसरा विषय. आंतरराष्ट्रीय नियमांत छताला लागलेला चेंडू बाद. अमेरिकेत आपल्याच बाजूच्या छताला लागून आपल्याच बाजूला खाली आला तर खेळता येतो. शाळेच्या बुटक्या जिममध्ये ही सूट नसती तर खेळ चाललाच नसता. बास्केटबॉलच्या रिंगेला लागला तर काय, हे प्रत्येक लीग आपलं आपण ठरवते.

मधल्या रेषेचा नियम मात्र गमतीचा नाही. पुस्तकानुसार पाऊल रेषेपलीकडं गेलं तरी त्याचा काही भाग रेषेवर किंवा तिच्या वर असला तर चालतं. पण व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळतो तो बहुतेक नेटपाशीच, उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पाऊल पडून. नॉर्वेतल्या रोअल्ड बाहर आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासांनी हे नीट दाखवलं. मिश्र खेळात वेगवेगळ्या वजनाची आणि वेगवेगळ्या सरावाची माणसं एकाच रेषेवर उतरतात. म्हणून अनेक लीग इथं पुस्तकापेक्षा कडक आहेत: रेषा ओलांडली की गुण गेला, निमित्त काहीही असो. यावर फारसा वाद नाही, आणि असूही नये.

गुणपद्धतीचा प्रश्न जवळपास सुटला आहे. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळण्याच्या जुन्या रीतीत सामना कधी संपेल याचा भरवसा नसे. १९९९ पासून प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत जगभर लागू झाली आणि तासाच्या भाड्यानं जिम घेणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

माणसं कमी पडली तर? चार जणांवर खेळायची मुभा सहसा असते. पण कमी पडलेली बाई असेल, तर काही लीग तिची जागा रोटेशनमध्ये रिकामीच ठेवतात, आणि सर्व्हिसचा क्रम त्या रिकाम्या जागेवर आला की गुण समोरच्यांना. न आलेल्या खेळाडूची सर्व्हिस चुकते, असा हा बहुधा एकमेव खेळ असावा.

इतरांनी काय केलं

जर्मनीतल्या हौशी मिश्र खेळात २.३५ मीटर ही मधली उंची रुळलेली आहे. वरच्या हिशेबानं बघितलं, तर बाईला लागणारी उडी आठ सेंटीमीटरनं कमी होते आणि पुरुषाचा फटका अगदीच उभा येत नाही. तडजोड आहे, आणि तडजोडीसारखीच कुणालाच पूर्ण आवडत नाही.

जपाननं प्रश्नच बदलला. तिथल्या सॉफ्ट व्हॉलीबॉलमध्ये चौघांचा संघ, बॅडमिंटन कोर्टाएवढं मैदान, मोठा मऊ रबरी चेंडू आणि दोन मीटरचं नेट. वयानुसार आणि घरच्यांनी एकत्र खेळायचे गटही आहेत. चेंडूच हलका केल्यानं कुणाला कशाला हात लावता येईल, यावर नियम करायची गरज उरत नाही. दोन मीटर म्हणजे साडेसहा फुटांहून फक्त दोनएक सेंटीमीटर जास्त. होल्योकच्या व्यापाऱ्यांसाठी बांधलेली जाळी शतकभरानं पुन्हा जवळपास त्याच जागी आली.

नेदरलँड्सच्या शाळामास्तरानं १९०२ मध्ये काढलेला कॉर्फबॉल, जो महाराष्ट्रातही खेळला जातो, तो जन्मापासून मिश्र: चार आणि चार, आणि बाईनं बाईलाच, पुरुषानं पुरुषालाच अडवायचं. अल्टिमेट फ्रिस्बीतही मैदानावरचं प्रमाण ठरलेलं असतं आणि समोरासमोरच्या जोड्या जुळवतात. व्हॉलीबॉलला ही युक्ती जमत नाही. मधे जाळी आहे. कुणाचा चेंडू कुणावर पडेल हे जोड्या लावून ठरवता येत नाही.

कुणाला बाई म्हणायचं

वरचे सगळे नियम माणसांच्या दोन पेट्या करून चालतात. ज्यांना स्वतःला त्यांतल्या कुठल्याच पेटीत घालायचं नाही, किंवा जन्मनोंदीपेक्षा वेगळ्या पेटीत घालायचं आहे, त्यांचं काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत लीगच्या कागदांवर आला. अनेक शहरी लीगनी 'खेळाडू स्वतः सांगेल ते' ही रीत धरली. काहींनी 'किमान इतक्या महिला'ऐवजी 'जास्तीत जास्त इतके पुरुष' अशी भाषा केली. वाक्य उलटं करताच कोण कुठं बसतं हे बदलतं. दुसऱ्या बाजूला, अनेक महिला खेळाडूंना शरीराच्या फरकावर बेतलेले नियम शरीराकडंच बघून लावावेत असं वाटतं, आणि जवळून मारलेल्या फटक्याची त्यांची काळजी खोटी नाही. २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं महिला गटांबाबतचं धोरण बदललं. ते महिलांच्या स्पर्धांबद्दल आहे. पार्क खात्याच्या गुरुवारच्या मिश्र लीगला त्यातलं काय लागू पडतं, यावर प्रत्येक शहर वेगळं वाचन करतं आहे.

ज्यांनी गट पूर्णपणे कौशल्यावर सोपवले, त्यांच्यापुढं हा प्रश्न बराच सौम्य होतो. पण त्यांच्याकडं मैदानावरचं प्रमाण राखण्याचं साधनही उरत नाही, आणि वरच्या गटांत हळूहळू पाच पुरुष नि एक बाई असे संघ दिसू लागतात.

अजून न ठरलेलं

स्पर्शाचा नियम काढल्यावर बायकांना मिळणारे चेंडू खरंच कमी होतात का, याचं उत्तर मोजून काढता येण्यासारखं आहे. एका हंगामात वही घेऊन कडेला बसणारा माणूस हवा. बैठकांत त्याऐवजी आठवणी सांगितल्या जातात. उंचीबाबतही तेच. २.४३ आणि २.२४ यांचे पुरस्कर्ते भरपूर, मधल्या उंचीचा प्रयोग करून पाहणारे थोडे.

आमच्या लीगच्या कर्णधारांच्या गेल्या बैठकीत २.३५ चा प्रस्ताव आला होता. चर्चा चांगली झाली, मतं जवळजवळ सारखी पडली आणि एका हंगामापुरतं करून पाहू असं ठरलंही. मग खेळायच्या दिवशी लक्षात आलं, की जिमच्या खांबांवर रंगवलेल्या खुणा दोनच आहेत, एक पुरुषांची, एक महिलांची. मोजपट्टी कुणीच आणली नव्हती. त्या संध्याकाळी नेट वरच्या खुणेवर बांधलं.